हेन्री गुंथर : सक्तीच्या भरतींतील एका शिपायाचें चरित्र व त्याचीं साधनें

राजे, सेनापति व मुत्सद्दी यांच्या चरित्रांचीं साधनें विपुल असतात. साध्या शिपायाचें चरित्र बहुधा हजेरीपटांतील एका ओळींत संपतें. ता. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं सकाळीं दहा वाजून एकुणसाठ मिनिटांनीं, पहिल्या महायुद्धांतील युद्धविराम अमलांत येण्यास एक मिनिट उरलें असतां, फ्रान्सच्या ईशान्येस एका खेड्याजवळ हेन्री निकोलस जॉन गुंथर नांवाचा तेवीस वर्षांचा अमेरिकन शिपाई मारला गेला. त्याच्यासंबंधानें त्याच्या लष्करानें दोन निर्णय केले. एकानें त्याची सार्जंटची पायरी काढून घेतली, आणि दुसऱ्यानें ती मरणोत्तर परत देऊन वर शौर्यपदक दिलें. पहिल्याचें कारण एक पत्र, दुसऱ्याचें कारण त्याचें मरण. पत्र व मरण या दोन्ही गोष्टी तो फ्रान्सांत उतरल्यापासून साडेचार महिन्यांच्या आंत घडल्या. ही कथा आतां पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते; परंतु ती सांगतांना अस्सल कोणतें व मागाहून जुळविलेलें कोणतें याचा निवाडा क्वचितच केलेला आढळतो. तो येथें करावयाचा आहे.

प्रथम सक्तीची भरती म्हणजे काय याचा थोडा उलगडा केला पाहिजे, कारण आपल्याकडील कागदपत्रांत या संस्थेस ठीक जुळणारा शब्द नाहीं. कौटिल्यानें सैन्याचे मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र व अटवी असे सहा प्रकार सांगितले आहेत. वंशपरंपरागत, पगारी, संघांचें, दोस्ताचें, शत्रूकडून आलेलें आणि रानटी टोळ्यांचें, असे ते सहा होत. मराठशाहींत शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशीं येई आणि बारगिरास सरकारी घोडा मिळे. दोघेही चाकरी म्हणून येत. दुकानांत किंवा कचेरींत बसलेल्या इसमास केवळ त्याच्या वयावरून, कायद्याच्या बळानें उचलून रणांत उभें करावें हा प्रकार या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. अमेरिकेनें ता. १८ मे १९१७ रोजीं असा कायदा केला. एकवीस ते तीस वर्षांच्या पुरुषांनीं ता. ५ जून रोजीं आपलीं नांवें नोंदवावीं असें ठरलें, पुढें क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढण्यांत आल्या, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारें २८ लक्ष माणसें या मार्गानें लष्करांत गेलीं. गुंथरचा जन्म ता. ६ जून १८९५ चा. म्हणजे नोंदणीच्या दिवशीं त्यास बाविसावें वर्ष पुरें होण्यास एक दिवस कमी होता. दोन्ही बाजूंनीं पाहतां तो वयाच्या मर्यादेंत अगदीं निःसंशय बसत होता.

तो मेरीलंड संस्थानांतील बाल्टिमोर शहराच्या पूर्व भागांत जन्मला. आईबाप दोघेही जर्मनींतून आलेल्या कुटुंबांतील. या शहरांत जर्मन वस्ती मोठी व जुनी होती. गुंथर हा कॅथॉलिक पंथाचा असून तेथील नॅशनल बँकेंत हिशेबनीस होता. १९१७ च्या एप्रिलांत अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली तेव्हां असल्या घराण्यांची कुचंबणा झाली. ज्यांच्या आजाआजींची भाषा जर्मन, त्यांच्याकडे शेजारी संशयानें पाहूं लागले. या मनःस्थितीचा पुरावा शहराच्या रस्त्यावरच कोरलेला आहे. बाल्टिमोरच्या मध्यवस्तींत 'जर्मन स्ट्रीट' नांवाचा जुना रस्ता होता. १९१८ सालीं तें नांव काढून, फ्रान्सांत पडलेल्या रेडवुड नामक तेथल्या एका अधिकाऱ्याचें नांव त्यास देण्यांत आलें, आणि तेंच आज चालू आहे. स्थलनामांचा अभ्यास करणारांस निराळें सांगावयास नकोच कीं, नांव बदलण्याचा कागद पुष्कळदां युद्धाच्या बखरीहून अधिक बोलका असतो. गुंथर आपण होऊन लष्करांत गेला नाहीं. १९१७ च्या सप्टेंबरांत त्यास बोलावणें आलें तेव्हां गेला.

त्यास ७९ व्या डिव्हिजनच्या ३१३ व्या पायदळ पलटणींत घालण्यांत आलें. ही पलटण बहुतेक त्याच शहरच्या माणसांची असल्यामुळें 'बाल्टिमोरची स्वतःची' या नांवानें ओळखली जाई. मेरीलंडांतच नव्यानें उभारलेल्या मीड छावणींत तिची कवायत झाली. हिशेबनिसाचा हात पाहून वरिष्ठांनीं त्यास पुरवठा सार्जंट केलें. आपल्या तुकडीचे कपडेलत्ते सांभाळणें व वांटणें हें त्याचें काम. सरकारी मालाची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो सोबत्यांस फारसा प्रिय नसतो, हें आपल्याकडील कोठीवाल्यांच्या तक्रारी वाचलेल्यांस ठाऊक आहे. १९१८ च्या जुलैंत ही पलटण फ्रान्सांत उतरली.

यानंतर तें पत्र येतें. आघाडीच्या बाजूची स्थिति हालाखीची आहे, आणि भरतीचें बोलावणें चुकवितां येईल तर वाटेल तें करून चुकव, अशा आशयाचें पत्र त्यानें घरच्या एका मित्रास लिहिलें. डाक तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या तें हातीं लागलें. परिणामीं सार्जंटचा साधा शिपाई झाला. पत्राची कथा सांगणारे त्यास अविचारी म्हणून पुढें जातात. आमच्या मतें येथें थांबून विचार करण्याजोगें कांहीं आहे. या माणसाच्या चरित्रांत त्याच्या स्वतःच्या मनांतून निघालेली व दुसऱ्या कोणीं त्याच्या तोंडीं न घातलेली गोष्ट एवढी एकच आहे. बाकीचें सर्व इतरांनीं त्याच्याविषयीं सांगितलेलें. आणि ज्या मजकुराबद्दल शिक्षा झाली तो मजकूर खोटा होता असें त्या शिक्षेंतही अभिप्रेत नव्हतें. तो बाहेर जाऊं नये एवढेंच पाहिलें गेलें. पत्र लिहिणारानें आपल्या सरकारच्या कायद्याविरुद्ध मित्रास सल्ला दिला हा अपराध खराच. परंतु आघाडीच्या बाजूचें वर्णन म्हणून तें पत्र अस्सल साधनाच्या पंक्तीस बसतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस याच युद्धांतील दुसरें एक दप्तर आठवेल. १९१४ च्या अखेरीस फ्रान्सांत गेलेल्या हिंदी पलटणींचीं पत्रें तपासण्यासाठीं इंग्रजांनीं निराळी कचेरी ठेविली होती आणि हॉवेल नांवाचा अधिकारी तिचा मुख्य होता. या कचेरीनें पत्रांतील उतारे इंग्रजींत उतरून वरिष्ठांकडे पाठविले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत, व त्यांतील निवडक उतारे डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. आपलीं पत्रें उघडलीं जातात हें आपल्या शिपायांस माहीत होतें. म्हणून ते सांकेतिक लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरा, आणि अमुक मिरची फार खर्ची पडली म्हणजे अमुक फार मेले. त्यांच्यावर कायद्यानें भरतीची सक्ती नव्हती, तरी चाकरीची जरब होती, आणि जरबेखालीं राहिलेला माणूस आडवळणानें लिहिण्यास लौकर शिकतो. बाल्टिमोरच्या हिशेबनिसास ही विद्या अवगत नव्हती. तो सरळ लिहून गेला.

सप्टेंबरच्या मध्यास ३१३ वी पलटण आघाडीवर आली, आणि ता. २६ सप्टेंबर रोजीं म्यूज नदी व आर्गोनचें अरण्य यांमधील मोठी मोहीम सुरू झाली. ७९ व्या डिव्हिजनच्या वाट्यास माँफोकाँची उंच टेकडी आली होती. नव्या, थोड्या कवायतीच्या फौजेस हें काम अवघड होतें. दुसऱ्या दिवशीं ती टेकडी ३१३ व्या पलटणीनें घेतली, पण बळी पुष्कळ पडले. या एकाच मोहिमेंत अमेरिकेचे सव्वीस हजारांहून अधिक लोक मेले. त्या राष्ट्राच्या साऱ्या इतिहासांत इतकी प्राणहानि झालेली दुसरी लढाई नाहीं. गुंथर या अवधींत 'ए' कंपनींत साधा शिपाई होता. आणि त्याचाच मित्र पॉवेल हा आतां सार्जंट या नात्यानें त्याच्यावर हुकूम करणारा झाला होता.

आतां युद्धविरामाच्या कागदाकडे वळूं. या कागदाची थोडी तपासणी केली पाहिजे, कारण गुंथरचें मरण त्यांतील एका कलमावर अवलंबून आहे. कॉम्पियेन्यच्या अरण्यांत रेल्वेच्या डब्यांत ता. ११ नोव्हेंबरच्या पहाटें त्यावर सह्या झाल्या. प्रत्यक्ष सह्या पांच वाजून दहा ते वीस मिनिटांच्या दरम्यान पडल्या, परंतु पांचाची वेळ लिहावी असें उभय पक्षांनीं ठरविलें. पहिलें कलम असें कीं, सह्या झाल्यापासून सहा तासांनीं जमिनीवरील व आकाशांतील लढाई थांबेल. पांच लिहिल्यामुळें अकरा आले. महजराची तारीख मागेंपुढें घालण्याची चाल आपल्या दप्तरांत विपुल सांपडते. येथें तीच गोष्ट मिनिटांपुरती झाली. आणखी एक खुलासा कालगणनेच्या दृष्टीनें आवश्यक आहे. जर्मन घड्याळें फ्रेंच घड्याळांच्या एक तास पुढें असल्यामुळें, फ्रेंचांचे अकरा तेच जर्मनांचे बारा. दोन्हीं बाजूंचे वृत्तांत ताडून पाहणारानें हें विसरतां कामा नये.

सहा तास मुदत ठेवण्याचें कारण उघड आहे. शेकडों मैलांच्या आघाडीवर शेवटच्या तुकडीपर्यंत निरोप पोंचला पाहिजे. भारतीय युद्धांत सूर्यास्तास सेना मागें घेत, त्यास महाभारतांत 'अवहार' म्हटलें आहे. सूर्य सर्वांस एकदम दिसतो म्हणून तेथें जासुदाची गरज पडत नसे. येथें निरोप पोंचला, पण निरोपाबरोबर लढाई बंद करण्याचा हुकूम पोंचला नाहीं. अमेरिकन सरसेनापति पर्शिंग यांस युद्धविराम मनापासून मान्य नव्हता. जर्मनीनें बिनशर्त शरण यावें असें मत त्यांनीं ऑक्टोबरच्या अखेरीस लेखी दिलेलें होतें. अकरापर्यंत काय करावें हें हाताखालच्या सेनाधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिलें. कोणीं आपली माणसें जागच्या जागीं बसविलीं, कोणीं पुढें रेटलीं. ज्या ब्रिगेडमध्यें ३१३ वी पलटण होती तींत युद्धविरामाची बातमी अकराच्या सुमारें पाव तास आधीं आली असतांही अकरापर्यंत चढाई चालूच राहिली. जोसेफ पर्सिको या अमेरिकन ग्रंथकारानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें, त्या एका दिवसांत पश्चिम आघाडीवर सर्व पक्षांचे मिळून २,७३८ लोक मेले, आणि जखमी व बेपत्ता धरून आंकडा १०,९४४ होतो. रात्रीं मेलेले यांत आले आहेत. तरी सह्या झाल्यानंतर मेलेल्यांची संख्या लहान नव्हे.

त्या दिवशीं सकाळीं धुकें दाट होतें. 'ए' कंपनीची एक टोळी शोमों-द्वां-दांव्हिये या खेड्याजवळ आली. रस्ता अडवून जर्मनांच्या दोन मशीनगन तेथें होत्या. टोळी जमिनीस चिकटून पडली. इतक्यांत गुंथर उठला आणि बंदुकीस संगीन लावलेली अशा स्थितींत एकटाच मशीनगनच्या रोखानें धांवूं लागला. पॉवेलनें त्यास थांबण्याचा हुकूम केला. त्यानें ऐकला नाहीं. समोरच्या जर्मनांस वेळ ठाऊक होती. त्यांनीं हात हालवून त्यास परत फिरण्याची खूण केली. तो पुढेंच येत राहिला, आणि त्यानें एकदोन गोळ्याही झाडल्या. अगदीं जवळ आल्यावर त्यांनीं मशीनगनची एक लहानशी फैर सोडली आणि तो जागीं मेला. आपल्या मापानें युद्ध संपावयास अडीच पळें उरलीं होतीं.

या वृत्ताचें साधन काय? गुंथर मेल्याची नोंद, त्याची वेळ आणि तो अमेरिकेचा या युद्धांत पडलेला अखेरचा शिपाई होय हा निर्देश, हीं पर्शिंग यांच्या त्या दिवसाच्या लष्करी आज्ञापत्रावर व डिव्हिजनच्या कागदांवर आधारलेलीं आहेत. हीं समकालीन व अधिकृत. धांवण्याचें वर्णन सोबत्यांच्या तोंडचें आहे. प्रत्यक्ष पाहणारांचें म्हणून तेंही वजनदार. पण तो कां धांवला याचें जें उत्तर सर्वत्र दिलें जातें, तें तिसऱ्या थरांतील आहे. सार्जंटची पायरी गेल्याचें त्याच्या मनास लागलें होतें, आणि अधिकाऱ्यांच्या व सोबत्यांच्या डोळ्यांसमोर आपली लायकी सिद्ध करून दाखवावी या ध्यासानें तो झुरत होता, असें तें उत्तर. तें युद्धानंतर बाल्टिमोरच्या 'सन' या वृत्तपत्रांत आलें, आणि लिहिणारा होता जेम्स एम. केन. हाच केन पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला. तो त्याच ७९ व्या डिव्हिजनमध्यें फ्रान्सांत होता, आणि त्यानें गुंथरच्या सोबत्यांस विचारून लिहिलें, ही त्याची जमेची बाजू. परंतु मेलेल्या माणसाच्या अंतःकरणांत काय होतें हें सांगणारा लेखक पुढें कथाकार निघाला, हेंही संशोधकानें टिपून ठेवावें.

आम्हांस तें उत्तर खोटें म्हणावयाचें नाहीं. तो जर्मन वंशाचा, पत्रामुळें पायरी गमावलेला, मित्राच्या हुकुमाखालीं आलेला. अशा माणसास अपमान सलत असेल हें सहज पटतें. आक्षेप निराळा आहे. हें उत्तर सर्वांस सोयीचें आहे. घरच्यांस आपला मुलगा मानासाठीं पडला असें म्हणतां येतें. लष्करास पदक देतां येतें. कथा सांगणारास शोकपर्यवसायी नाटकाचा नायक मिळतो. आणि या तिघांच्याही सोयीमध्यें एक प्रश्न मागें पडतो, तो हा कीं, अकरास लढाई थांबणार हें ठाऊक असतां ही टोळी त्या सकाळीं मशीनगनच्या तोंडीं पोंचली कशी? ती गुंथरनें नेली नव्हती. शेवटचीं कांहीं पावलें त्याचीं. तेथवरची सारी वाट हुकुमाची. युद्धानंतर अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें त्या सकाळच्या चढायांची चौकशी केली, साक्षी घेतल्या, पण शिक्षा कोणासही झाली नाहीं. आपल्याकडील वीरगळावर खालच्या थरांत लढणारा वीर, वर त्यास नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्यावर लिंगपूजा असते. लढाई कोणीं कां उभारली हें बहुधा त्यावर नसतें. 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' या पदकाची व परत मिळालेल्या सार्जंटगिरीची जात तीच.

'अखेरचा' या विशेषणासंबंधींही सावधगिरी बाळगावी. त्याच सकाळीं ब्रिटिशांकडील एलिसन हा चाळीस वर्षांचा, पूर्वीं कोळशाच्या खाणींत काम केलेला शिपाई मॉन्सजवळ साडेनवाच्या सुमारास पडला. कॅनडाचा जॉर्ज लॉरेन्स प्राइस हा १० वाजून ५८ मिनिटांनीं व्हील-सुर-एन या गांवीं नेमबाजाच्या गोळीनें मेला. वय पंचवीस, आणि तोही १९१७ च्या ऑक्टोबरांत सक्तीनेंच भरती झालेला. फ्रेंचांचा त्रेबुशों हा निरोप्या होता. अकरानंतर जेवणासाठीं कोठें जमावयाचें हा निरोप घेऊन तो जात असतां पावणेअकरास गोळी लागून मेला. त्याच्या कागदांवर व थडग्यावर मात्र ता. १० नोव्हेंबर लिहिली आहे. विरामाच्या दिवशीं कोणी मेला असें फ्रेंच लष्करास दाखवावयाचें नव्हतें, म्हणून तारीख एक दिवस मागें ओढली गेली. केवळ लेखावर भिस्त ठेवणारा संशोधक तेथें फसेल. शिलालेख समकालीन असूनही तिथि बनावट असूं शकते याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. फ्रेंचांनीं शेवटच्या दिवसाचें मरण लपविलें आणि अमेरिकेनें तें आज्ञापत्रांत घालून मिरविलें. गुंथरचें नांव आज सर्वतोमुखीं आहे याचें अर्धें कारण या दोन लष्करांच्या लेखनपद्धतींतील भेदांत आहे.

गुंथरचें शव प्रथम फ्रान्सांतील लष्करी स्मशानभूमींत होतें. १९२३ सालीं तें उकरून अमेरिकेंत आणलें, आणि बाल्टिमोरच्या 'मोस्ट होली रिडीमर' या कॅथॉलिक स्मशानभूमींत पुनः पुरलें. ता. १६ सप्टेंबर २००८ रोजीं शोमोंजवळ, तो पडला त्या जागेच्या आसपास, एक स्मारकशिला उभारण्यांत आली, आणि ता. ११ नोव्हेंबर २०१० रोजीं त्याच्या थडग्याशीं एक लेखपट्टी बसविण्यांत आली.